डाव्या सीटवरची मांडी

डांबर संपले त्या क्षणापासून गाडीत कोणीही बोलले नव्हते. चाकांखाली खडी करकरत होती, मधूनच एखादा खडा उडून गाडीच्या पोटावर टणकन आपटत होता, आणि त्या प्रत्येक आवाजासरशी मागच्या सीटवर बसलेले त्र्यंबकराव श्वास आत घेत होते. तो बाहेर कधी पडत होता, हे त्यांच्या बायकोला, स्टीअरिंगवर बसलेल्या सरोजला, ऐकू येत नव्हते. तिच्या डावीकडे, जिथे शिकवणारा बसतो त्या सीटवर, तानाजी सर मांडी घालून बसले होते. पट्टा लावलेला, तळहात गुडघ्यांवर, नजर समोर. नैवेद्य यायचा आहे हे ठाऊक असलेल्या पण तो कधी येणार हे ठाऊक नसलेल्या मूर्तीसारखे ते दिसत होते. त्यांच्या चपला डिकीत होत्या. डिकीची किल्ली सरोजच्या पर्समध्ये होती.

दोन्ही अंगांना सागाचे रान होते. फाल्गुन लागला होता. सागांनी आपली ताटाएवढी पाने निम्मी खाली टाकली होती आणि उरलेली टाकावीत की ठेवावीत या विचारात ते उभे होते. रस्त्याच्या कडेला ती पाने चाकाखाली आली की पापड मोडावा तशी वाजत. साग मागे पडला की ऐनाची झाडे येत, मगरीच्या पाठीसारख्या खरबरीत बुंध्यांची. त्यांच्यामधून जाणारा हा वनखात्याचा रस्ता रुंद होता, सरळ होता, आणि त्यावर एकही रिक्षा नव्हती. "शिकायला यापेक्षा सोपा रस्ता देवानं बनवला नाय," असे तानाजी सरांनी सकाळी डोंबिवलीहून निघताना सांगितले होते. "झाडं हायत, पण बाजूला उभी ऱ्हातात. मधे येत नाहीत."

तोवर त्यांचे पाय त्यांच्या ताब्यात होते.

सरोज एकोणसाठ वर्षांची होती. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षे काढून निवृत्त झाली, आणि पुढच्याच महिन्यात तिने तानाजी सरांच्या ड्रायव्हिंग क्लासात नाव घातले. एकवीस दिवस ती एमआयडीसीच्या रुंद रस्त्यांवर फिरली, परीक्षा दिली, लायसन्स मिळवले, घरच्या देव्हाऱ्यासमोर ठेवून त्याला हळदकुंकूही वाहिले. मग एका रविवारी सकाळी तिने प्रथमच घरची गाडी सोसायटीच्या फाटकाकडे नेली. त्र्यंबकराव शेजारी बसले होते. फाटकाशी आल्यावर ती क्लासातल्या सवयीने, सरांसारखेच, म्हणाली, "ब्रेक," आणि वाट पाहू लागली.

ब्रेक लागला नाही. वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची बंपरखाली गेली. सुदैवाने वॉचमन त्या वेळी पाणी भरत होता.

तेव्हा कुठे तिला कळले की गेले एकवीस दिवस आपण गाडी चालवलेलीच नाही. क्लासच्या गाडीला डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतो, हे तिला दिसत होते. पण तो कोण आणि किती वापरते, हे तिने कधी पाहिले नव्हते. तानाजी सर 'ब्रेक' म्हणायचे आणि स्वतःच दाबायचे. 'क्लच सोडा' म्हणायचे आणि स्वतःच सोडायचे. हा त्यांच्या मायेचाही भाग होता आणि भीतीचाही. गाडी त्यांची होती, आणि जीवही. डोंबिवली पूर्वेतल्या कितीतरी बायकांच्या कपाटात त्यांच्या पायांनी मिळवलेली लायसन्से साडीच्या घडीत जपून ठेवलेली होती.

त्या रविवारपासून त्र्यंबकरावांनी किल्ली खिशात ठेवली. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चौतीस वर्षे तपासणी विभागात होते. वस्तू मापात बसते किंवा बसत नाही. 'जवळजवळ बसते' हा शब्दप्रयोग त्यांनी नोकरीत कधी ऐकून घेतला नाही आणि घरातही नाही. जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा मधला भाग झिजल्याचे निदान करून त्यांना गाडी चालवायची मनाई केली, तेव्हा त्यांनी स्वतःलाही तेच माप लावले. मी चालवू शकत नाही, तू चालवू शकत नाहीस, म्हणजे गाडी विकायची. कमलेश नावाचा एक गृहस्थ आज संध्याकाळी पाच वाजता ती पाहायला येणार होता, आणि पसंत पडली तर तिथल्या तिथे नेणार होता.

सरोजला गाडी हवी होती. मिरवायला नव्हे. मुलगी वल्लरी घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर राहते, नात सान्वी तिथे दर बुधवारी नाच शिकते आणि आजीला दाखवायचा म्हणून हट्ट धरून बसते. 'कधी नेता?' हा प्रश्न सरोजने आयुष्यात इतक्यांदा विचारला होता की त्याचे शब्दही झिजून गुळगुळीत झाले होते. तो पुन्हा विचारायचा नाही, एवढेच तिचे मागणे होते. म्हणून काल रात्री जेवताना तिने अट मांडली. जंगलातला नऊ किलोमीटरचा रस्ता, डांबर संपते तिथपासून ऐनाच्या वाडीपर्यंत, मी क्लासची गाडी एकटी चालवीन. तानाजी सरांचे पाय एकदा जरी खाली आले, तर संध्याकाळी किल्ली मी स्वतः कमलेशच्या हातावर ठेवीन. नाही आले, तर तो आल्या पावली परत.

"पाय वर म्हणजे कसे वर?" त्र्यंबकरावांनी तपासणी विभागाला शोभेलसा प्रश्न विचारला होता.

"मांडी घालून. चपला काढून. आणि सांगून ठेवते, इथून पुढे माझ्या शेजारी जो बसेल तो असाच बसेल."

"मी नाही बसणार. मोटार आहे का पंगत?"

"तुम्हाला कुणी बसवतंय?" सरोज म्हणाली होती. "तुम्ही मागे बसा. पंच म्हणून. आणि तोंडही बंद."

तर अशी ही शांतता होती. दोन किलोमीटर टिकली.

"मॅडम," तानाजी सर शेवटी मूर्तीपणातून बाहेर येत म्हणाले, "तोंडावर पण बंदी आहे ते कळलं. पण म्हणजे जनरल बोललेलं चालतं का?"

सरोजने आरशात पाहिले. पंचांनी विचार केला.

"जनरल चालेल," त्र्यंबकराव म्हणाले. "सूचना नकोत."

"नाय, सूचना कशाला. मी आपलं जनरल सांगतो, आमच्या साताऱ्याकडं एक ड्रायव्हर होता. तो खडीवर तिसरा गिअर टाकायचा. लय हुशार माणूस होता." ते थांबले. "होता."

सरोजने तिसरा टाकलेला होता. तिने दुसरा टाकला.

"ही सूचना झाली," मागून आवाज आला.

"काका, मी त्या बिचाऱ्या ड्रायव्हरची आठवण काढली."

"अहो, त्यांना बोलू द्या," सरोज म्हणाली. "मी ऐकतेय असं तुम्हाला वाटतं का?"

हे पूर्ण खरे नव्हते, पण पूर्ण खोटेही नव्हते. कारण एव्हाना तिला दुसरेच काही ऐकू येऊ लागले होते. शहरात गाडीचा आवाज तिला कधी ऐकूच आला नव्हता. हॉर्न, रिक्षा, सरांचा उपदेश, यांच्या खाली तो कुठेतरी गाडलेला असे. इथे तो मोकळा होता. इंजिन कुरकुरले की त्याला खालचा गिअर हवा असतो, घुमू लागले की वरचा, हे पुस्तकातल्या समासात कोणी पेन्सिलीने लिहून ठेवावे तसे तिला आपोआप वाचता येऊ लागले. स्टीअरिंग खडीवर हलके झाले होते. चाक खड्यांवर किंचित तरंगते, आणि त्याला घट्ट धरण्यापेक्षा सैल धरले की ते आपली वाट आपण काढते, हे तिच्या बोटांना डोक्याच्या आधी कळले. पळसाचे एक झाड पेटल्यासारखे उजवीकडे आले आणि गेले. तिने ते पाहिले. गाडी चालवताना आपण झाडही पाहू शकतो, या शोधाने ती इतकी हरखली की तिने दुसऱ्या पळसाकडेही पाहिले.

"मॅडम, जनरल सांगतो, समोर रस्ता पण छान आहे," तानाजी सर म्हणाले.

सहाव्या किलोमीटरला सर मांडीची अदलाबदल करू पाहू लागले. उजवा पाय वर होता तो खाली घ्यायचा, डावा वर.

"पाय!" पंच गरजले.

"काका, खाली नाय घेत हो, आतल्या आत बदलतोय. मुंग्या आल्यात."

"मांडी सुटता कामा नये."

"अर्धा तास झाला. लग्नात पण एवढा वेळ बसवत नाहीत."

"तुमच्याकडे एकवीस दिवस मी बसलेच ना हात बांधून?" सरोज म्हणाली. "काही बोलले मी?"

तानाजी सरांनी हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले. मागे त्र्यंबकराव खोकल्यासारखे काहीतरी करून हसले. सरोजने आरशात पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते. डोळ्यांचे निदान झाल्यापासून ते असे कडेने पाहायला शिकले होते, मान थोडी वळवून, जणू समोरच्याशी अबोला आहे. बत्तीस वर्षे ते चालवत होते आणि ती डावीकडे बसून पाणी, बिस्किटे आणि टोलची पावती देत होती. मागच्या सीटवर ते कधी बसलेच नव्हते. तिथे हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हते. कधी सीटच्या पाठीवर, कधी मांडीवर, कधी वरच्या पकडीवर. त्या हातांकडे पाहून तिला हसूही आले आणि हसू येऊ नये असेही वाटले.

आठव्या किलोमीटरला रस्ता वळला आणि अचानक उतरला. खाली ओढ्याचे कोरडे पात्र होते, पलीकडे तेवढाच चढ, आणि चढाच्या माथ्यावर वाडीची पहिली कौले. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला, चढ सुरू होतो तिथेच, दुपारच्या ऊन-सावलीच्या सीमेवर, एक म्हैस बसली होती.

गाडी उतारावर होती. खडी निसटत होती.

"सर!" सरोज म्हणाली. आणि सवयीने, निव्वळ एकवीस दिवसांच्या सवयीने, एक क्षण थांबली.

त्या क्षणात पुष्कळ काही मावले. म्हशीने मान वळवली. मागून टप्प असा आवाज आला. डावीकडे तानाजी सरांचे खांदे जोरात हलले, पण कमरेखाली काहीच हलले नाही. वॉचमनची पांढरी खुर्ची सरोजच्या डोळ्यांपुढे तरळून गेली. पाय नाहीत, तिला उमगले. या गाडीत आता माझ्याखेरीज कोणालाही पाय नाहीत.

तिने ब्रेक दाबला. खाडकन नव्हे, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावे तसा, थोडा, मग आणखी थोडा. मागचे चाक खडीवर किंचित घसरले, तिने स्टीअरिंग सैल सोडले, ते सरळ झाले. गाडी थांबली. इंजिन बंद पडले नाही, कारण दुसऱ्या पायाने क्लच कधी दाबला होता हे तिलाच ठाऊक नव्हते.

म्हैस रवंथ करत राहिली.

मग तानाजी सर अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, मी पाय काढायला गेलो. खोटं नाय बोलणार. निघेनात. दोन्ही झोपलेत."

"म्हणजे यांची इच्छा होती," पंच मागून म्हणाले.

"इच्छेला तुमच्या कारखान्यात माप लावत होतात का?" सरोजने विचारले. "पाय खाली आला का नाही, तेवढं सांगा."

"नाही आला."

"आणि तुमचा?"

"माझा काय संबंध?"

"टप्प कशाचं झालं मग?"

त्र्यंबकराव दार उघडून उतरले. त्यांच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता. मागच्या सीटखाली, जिथे कोणत्याही कंपनीने आजवर ब्रेक बसवलेला नाही, तिथे त्यांनी तो इतक्या जोरात दाबला होता. एक पाय ओढत ते गाडीच्या पुढे गेले, म्हशीच्या नाकासमोर वाकले, आणि बंपरपासून नाकापर्यंतचे अंतर अंगठा आणि करंगळी ताणून मोजू लागले.

"दीड वीत!" ते ओरडले. मग खात्री करण्यासाठी त्यांनी पुन्हा मोजले. चौतीस वर्षांची सवय होती. म्हशीला मात्र हा तपासणीचा प्रकार पटला नाही. ती फुसकारली, उठली, आणि अंगावरची धूळ झटकत रानात निघून गेली.

म्हशीला वाट देत त्र्यंबकराव पात्रात बाजूला सरले, आणि समोर चढ मोकळा झाला. सरोजने चढाकडे पाहिले. तो आता मोकळा होता. आणखी पाच मिनिटांनी तिथे दुसरी म्हैस असेल, किंवा तिच्याच छातीतली धडधड. तिने पहिला गिअर टाकला. हँडब्रेक ओढला. क्लच सोडत गेली, सोडत गेली, आणि ज्या जागी गाडीचे नाक किंचित वर उचलले जाते, जी जागा तिला एकवीस दिवसांत कधीच सापडली नव्हती कारण तिथे आधीच दुसऱ्याचा पाय असे, ती जागा तिला तळपायाखाली सापडली. एखाद्या अंधाऱ्या खोलीत दिव्याचे बटण सापडावे तशी. तिने हँडब्रेक सोडला, गाडी एक बोट मागे आली. तानाजी सरांनी डोळे मिटून घेतले. मग खडी उडाली, आणि गाडी चढू लागली.

"मॅडम! काका राहिले!"

"माहीत आहे."

"अहो, थांबा ना!"

"चढावर मधे थांबायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."

"ते जनरल शिकवलेलं!"

आरशात त्र्यंबकराव लहान लहान होत गेले. ओढ्याच्या पात्रात ते उभे होते, एका पायात तुटलेली चप्पल, आणि हात अजून वितीसारखा ताणलेला. धुळीमागे ते नीट दिसत नव्हते. त्यांना तरी गाडी दिसत असेल का, असा प्रश्न तिच्या मनात आला; समोर धरलेले त्यांना आता धूसर दिसते, आणि दूर जाणारे त्याहूनही. पण आवाज येत असेल. इंजिन कुठे कुरकुरते आणि कुठे नाही, हे त्या कानांना बत्तीस वर्षे कळत आले होते. तिने मुद्दाम, फक्त त्या कानांसाठी, गिअर हळुवार बदलला.

माथ्यावर वाडीच्या तोंडाशी आवडाबाईंची चहाची टपरी होती. सरोजने गाडी उंबराच्या सावलीत लावली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली. तानाजी सरांची अवस्था मात्र बिकट होती. पायात जीवच नव्हता. सरोजने आणि आवडाबाईंनी दोन बाजूंनी धरून त्यांना बाकावर आणले.

"पेशंटला अशा रस्त्यानं कशाला आनलं बाय?" आवडाबाईंनी कळवळून विचारले. "जल्मापासून हाय का?"

"नाही," सरोज म्हणाली. "सकाळपासून."

"मी ड्रायव्हिंग शिकवतो," तानाजी सर दुखावल्या स्वरात म्हणाले.

आवडाबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिले, मग सरोजकडे, आणि चहात आले जास्त घातले.

दहा मिनिटांनी त्र्यंबकराव चढ चढून आले. एक चप्पल पायात, एक फरपटत. घामाने डबडबले होते. सरोजला वाटले, आता फुटतील. पण ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, चारही टायर वाकून पाहिले, मागच्या टायरला हात लावून तो तापला आहे का ते बघितले, आणि मग बाकावर येऊन बसले. आवडाबाईंनी पेला पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. हात ठेवायला अखेर जागा मिळाली होती.

"मला टाकून आलीस," ते म्हणाले.

"हो."

"चढावर क्लच जळला असता तर?"

"वास आला का?"

त्यांनी आठवून पाहिले. खोटे बोलणे त्यांच्या खात्यात नव्हते. "नाही," ते म्हणाले. "वास नाही आला. एकदाही गुदमरली नाही." आणि चहाचा घोट घेऊन, पेल्यात पाहत, कोणाला उद्देशून नव्हे असे, "मी पहिल्यांदा खंबाटकी घाटात चढवली तेव्हा तीनदा बंद पडली होती. तू शेजारी होतीस. काही बोलली नव्हतीस."

"मला तेव्हा कळत नव्हतं काय बोलायचं ते."

"काका," पाय चोळता चोळता तानाजी सर म्हणाले, "रिझल्ट काय मग? मॅडम पास का?"

तेवढ्यात सरोजच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने नाव वाचले आणि पडदा त्र्यंबकरावांच्या डोळ्यांसमोर धरला, मग ते वाचू शकत नाहीत हे आठवून मोठ्याने म्हणाली, "कमलेश."

फोन वाजत राहिला. उंबरावरून एक खार खाली आली, माणसे बघून परत वर गेली. आवडाबाई हातात गाळणी धरून थांबल्या, जणू त्यांनाही निकाल हवा होता.

"अहो, पाचला यायचंय त्याला. घरून निघायच्या आधी विचारत असेल," सरोज म्हणाली. "काय सांगू? ये म्हणू, का नको म्हणू?"

त्र्यंबकरावांनी पेला बाकावर ठेवला. खाली वाकून त्यांनी तुटलेली चप्पल उचलली. मग दुसऱ्या पायातली धड चप्पलही काढली. दोन्ही एका हातात धरून ते उठले आणि उंबराच्या सावलीतून अनवाणी पावलांनी, खडी टोचत असल्यासारखे जपून जपून, गाडीच्या पुढच्या, डाव्या दाराकडे चालू लागले.